विश्लेषण : मेन्यूकार्डावर न दिसणारे तेल... हॉटेलात जेवताना कमी फॅटचे पदार्थ कसे ओळखावेत?

‘पंजाबी, चायनीज की साउथ इंडियन?’ हा प्रश्न शहरांतल्या घरांत पूर्वी वाढदिवसाला किंवा पगाराच्या दिवशी पडे. आता तो आठवड्यातून एकदा-दोनदा पडतो. घरापासून दूर राहणारे विद्यार्थी आणि नोकरदार यांना तर तो रोजच पडतो. दुसरीकडे, जेवणातले तेल १० टक्क्यांनी कमी करा, असे आवाहन पंतप्रधानांनी वारंवार केले आहे. घरी तेलाच्या पिशवीकडे बघून हा हिशेब ठेवता येतो. हॉटेलात मात्र तेल भटारखान्यात असते आणि ग्राहकासमोर येते ते फक्त पदार्थाचे नाव. त्या नावावरून किती कळते, कायदा किती मदत करतो आणि वेटरला नेमके काय विचारावे, याचा हा आढावा.

तेलाचा विषय ऐरणीवर का आला?

पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी जानेवारी २०२५ मध्ये देहरादून येथे राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेच्या उद्घाटनात वाढत्या लठ्ठपणाचा उल्लेख करून तेलाचा वापर कमी करण्याचे आवाहन केले. फेब्रुवारीतील ‘मन की बात’ आणि १५ ऑगस्टचे लाल किल्ल्यावरील भाषण यांतही हाच मुद्दा होता. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सरकारी कार्यालयांत तेल आणि साखरेचे प्रमाण दाखवणारे फलक लावण्याची सूचना केली. जुलै २०२५ मध्ये त्यावरून ‘समोसा-जिलेबीवर इशारा छापणार’ अशा बातम्या पसरल्या. या बातम्यांत नागपूरच्या एम्सचे नाव आघाडीवर होते. विक्रेत्यांच्या पदार्थांवर इशारा छापण्याचा कोणताही आदेश नाही, असा खुलासा नंतर सरकारला करावा लागला.

या चिंतेमागे आकडे आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) सहभागातून झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंडियाब’ अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि जवळपास १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. पोटाचा घेर प्रमाणाबाहेर असलेल्यांचे प्रमाण ३९.५ टक्के, तर उच्च रक्तदाबाचे ३५.५ टक्के आढळले.

किती तेल चालते आणि किती खाल्ले जाते?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये जाहीर केलेल्या आहार मार्गदर्शिकेत २००० किलोकॅलरीच्या दिवसभराच्या आहारासाठी २७ ग्रॅम तेल-तूप धरले आहे. म्हणजे चहाचे साधारण सहा चमचे. नीती आयोगाच्या २०२४ मधील अहवालानुसार देशात खाद्यतेलाचा दरडोई वापर वर्षाला १९.७ किलोपर्यंत पोहोचला आहे. तो दिवसाला ५४ ग्रॅम पडतो, म्हणजे मार्गदर्शिकेतील प्रमाणाच्या दुप्पट. यात घरचा स्वयंपाक, हॉटेल, फरसाण, बिस्किटे असे सगळेच आले.

बाहेरच्या खाण्याचा वाटाही वाढतो आहे. २०२३-२४ च्या केंद्रीय कौटुंबिक खर्च सर्वेक्षणानुसार शहरी कुटुंबांच्या मासिक दरडोई खर्चातील ११ टक्के रक्कम पेये, प्रक्रिया केलेले पदार्थ आणि तयार खाद्यपदार्थांवर जाते. खाद्यपदार्थांच्या गटांत हा सर्वांत मोठा खर्च आहे. धान्य, भाज्या, दूध यांपैकी कशावरही एवढा खर्च होत नाही. त्यामुळे घरातले तेल कमी केले, पण हॉटेलातले मोजलेच नाही, तर हिशेब अपुरा राहतो.

मेन्यूकार्डावर कॅलरी छापण्याचा नियम काय आहे?

भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) २०२० च्या लेबलिंग व प्रदर्शन नियमावलीनुसार, केंद्रीय परवाना असलेल्या किंवा १० वा त्याहून अधिक शाखा असलेल्या उपाहारगृहांनी मेन्यूकार्डावर अथवा फलकावर प्रत्येक पदार्थासमोर एका वाढीतील कॅलरी आणि त्या वाढीचे प्रमाण छापणे बंधनकारक आहे. कशाची अ‍ॅलर्जी होऊ शकते, हेही सांगावे लागते. ग्राहकाने मागितल्यास पोषणमूल्यांची माहिती द्यावी लागते. घरपोच खाद्यपदार्थ देणाऱ्या अ‍ॅपनीही अशा उपाहारगृहांकडून ही माहिती घेऊन दाखवायची आहे. या तरतुदीची अंमलबजावणी जुलै २०२२ पासून अपेक्षित होती.

मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण १० शाखांच्या अटीची. मॉलमधला पिझ्झा, बर्गर आणि कॉफीच्या साखळ्या या नियमात येतात. नाक्यावरचे उडुपी, हायवेवरचा ढाबा, कॉलेजजवळचे चायनीज सेंटर आणि ‘फॅमिली रूम’वाले पंजाबी हॉटेल येत नाहीत. महाराष्ट्रात बहुतेक लोक जेवतात ते याच दुसऱ्या प्रकारच्या ठिकाणी. अन्य देशांतही अशीच मर्यादा आहे. अमेरिकेत मे २०१८ पासून लागू झालेला नियम २० किंवा अधिक शाखांना, तर इंग्लंडमध्ये एप्रिल २०२२ चा नियम २५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या व्यवसायांना लागू आहे. न्यू जर्सी किंवा लंडनमधल्या मराठी कुटुंबाला तिथल्या एकट्यादुकट्या भारतीय रेस्तराँमध्ये आकडा सापडेलच असे नाही.

दुसरी अडचण अशी की, मेन्यूकार्डावर दिसतात त्या एकूण कॅलरी. त्यातल्या किती तेला-तुपाच्या आणि किती पिठा-साखरेच्या, हे मुद्दाम विचारल्याशिवाय कळत नाही. तिसरी अडचण वाढीची. आकडा एका वाढीचा असतो आणि आपल्याकडे भाजीची एक प्लेट दोघे-तिघे वाटून खातात.

ही चर्चाही नवी नाही. अमेरिकेतील ‘सेंटर फॉर सायन्स इन द पब्लिक इंटरेस्ट’ या ग्राहक संस्थेने १९९३-९४ मध्ये तिथल्या चायनीज, इटालियन आणि मेक्सिकन रेस्तराँमधील पदार्थ प्रयोगशाळेत तपासून घेतले होते. लोणी, साय आणि चीजच्या सॉसमधल्या ‘फेतुचिनी आल्फ्रेडो’ या पास्त्याला त्यांनी थेट ‘ताटातला हार्ट अटॅक’ म्हटले. त्यानंतर तिथे साखळी रेस्तराँच्या मेन्यूवर आकडे देशभर बंधनकारक व्हायला दोन दशकांहून अधिक काळ गेला. छोट्या हॉटेलच्या ग्राहकाला तिथेही पदार्थाच्या नावावरूनच अंदाज बांधावा लागतो.

हॉटेलच्या भटारखान्यात तेल नेमके कुठे शिरते?

हे कळले तर अर्धे काम होते. पंजाबी पद्धतीच्या हॉटेलात भाज्यांची नावे चाळीस असली तरी मूळ ग्रेव्ही तीन-चारच असतात. टोमॅटोची लाल, काजू-मगजबीची पांढरी, कांद्याची पिवळसर-तपकिरी आणि कुठे पालकाची हिरवी. त्या सकाळीच मोठ्या पातेल्यात तेल सुटेपर्यंत परतून ठेवतात. वर तेलाचा थर असला की ग्रेव्ही कोरडी पडत नाही आणि चमकही येते. ऑर्डर आली की आचारी कढईत पुन्हा तेल किंवा बटर घालतो, ग्रेव्ही ओततो, पनीर किंवा चिकन टाकतो आणि शेवटी वरून क्रीम सोडतो. म्हणजे एका भाजीत तेल-तूप तीनदा पडते.

यातून एक साधी गोष्ट समजते. ‘तेल कमी टाका’ ही विनंती ऑर्डर आल्यावर बनणाऱ्या पदार्थाला लागू पडते. डोसा, ऑम्लेट, तंदूरमधले पदार्थ, रोटी, डाळीची फोडणी, परतलेल्या भाज्या हे सगळे त्या क्षणी बनते. सकाळीच तयार झालेल्या ग्रेव्हीतले तेल वेटरला सांगून कमी होत नाही. तिथे पदार्थच वेगळा निवडावा लागतो.

तळणाच्या तेलाचा प्रश्न आणखी वेगळा आहे. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्यात ‘टोटल पोलर कंपाउंड’ नावाची घातक संयुगे वाढतात. त्यांची मर्यादा २५ टक्के आहे, त्यापुढे ते तेल वापरायचे नाही. दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळणासाठी वापरणाऱ्यांनी त्याची नोंदही ठेवायची आहे. छोट्या हॉटेलवर ही नोंदीची सक्ती नाही. त्यामुळे तळलेला पदार्थ टाळण्यामागे फॅटइतकेच हेही कारण आहे.

पंजाबी हॉटेलात काय मागवावे?

पंजाबी मेन्यूत सगळ्यात जड आणि सगळ्यात हलके असे दोन्ही पदार्थ शेजारी-शेजारी असतात. दिल्लीच्या दर्यागंजमधील ‘मोती महल’शी जोडलेला इतिहास हेच सांगतो. फाळणीनंतर पेशावरहून आलेल्या मंडळींनी तिथे तंदुरी चिकन लोकप्रिय केले. उरलेले तंदुरी चिकन कोरडे पडू नये म्हणून ते टोमॅटो, लोणी आणि सायीच्या रश्श्यात घालण्यातून बटर चिकन जन्मले, असे सांगितले जाते. या शोधाचे श्रेय कोणाचे, हा वाद २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयातही गेला. आहाराच्या दृष्टीने महत्त्वाचे इतकेच की, चिकन तेच असते, फरक रश्श्याचा असतो. बिनकातड्याच्या १०० ग्रॅम छातीच्या मांसात फॅट तीन-चार ग्रॅमच असते.

मेन्यूकार्डावरचे काही शब्द धोक्याची सूचना देतात. मखनी म्हणजे लोणी. मलाई म्हणजे साय. शाही, कोरमा, मुघलाई, पसंदा म्हणजे बहुधा काजूची पांढरी ग्रेव्ही. ‘कोफ्ता’ आधी तळलेला असतो. ‘टिक्का मसाला’ या नावात टिक्का भाजलेला असला तरी मसाला ग्रेव्हीचा असतो. उलट तंदुरी, टिक्का (मसाला नव्हे), सीख, भुट्टा, रोटी हे भट्टीचे शब्द आहेत. मात्र ‘मलाई टिक्का’ भट्टीतला असूनही साय-चीजमध्ये मुरवलेला असतो आणि अनेक हॉटेलांत भट्टीतून काढल्यावर वरून बटर फिरवतात. ‘वरून बटर लावू नका’ हे म्हणूनच आठवणीने सांगावे लागते.

शाकाहारी ग्राहकाची खरी अडचण पनीरची आहे. पनीर म्हणजे प्रथिने, म्हणून ते हलके, असा समज आहे. एफएसएसएआयच्या मानकानुसार साध्या पनीरमध्ये पाणी ६० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे आणि उरलेल्या घन भागात किमान ५० टक्के दुधाचे फॅट असावे. याचा सरळ हिशेब असा की, १०० ग्रॅम पनीरमध्ये किमान २० ग्रॅम फॅट. त्यातले साठ टक्क्यांहून अधिक संपृक्त, म्हणजे रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढवणारे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शनानुसार संपृक्त फॅटमधून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी. २००० किलोकॅलरीच्या आहारात ही मर्यादा सुमारे २२ ग्रॅम होते. एकट्याने १५० ग्रॅम पनीर खाल्ले तर ग्रेव्ही धरण्याआधीच ती जवळपास संपते.

दोन ताटांची तुलना केली तर फरक स्पष्ट होतो. एका व्यक्तीच्या वाट्याला पनीर बटर मसाल्यातले १०० ग्रॅम पनीर आणि दोन बटर नान आले, प्रत्येक नानवर १० ग्रॅम बटर धरले, तर पनीरचे २० आणि बटरचे १६ असे ३६ ग्रॅम फॅट झाले. ग्रेव्हीतले तेल, काजू, क्रीम अजून मोजलेलेच नाही. दुसऱ्या ताटात डाळ तडका, तंदुरी रोटी बटरशिवाय, भाजलेली भाजी किंवा तंदुरी चिकन आणि कांदा-काकडीची कोशिंबीर घेतली, तर फॅट मुख्यतः डाळीच्या फोडणीचे. फोडणी मोठ्या चमचाभर तेलाची धरली तर ते सुमारे १४ ग्रॅम आणि डाळ तिघांत वाटली जाते. ‘डाळ मखनी’ला मात्र हा हिशेब लागू नाही.

उडुपी हॉटेल सुरक्षित समजावे का?

बऱ्याच अंशी, पण डोळे मिटून नाही. इडली वाफेवर शिजते, पिठात तेल नसते आणि सांबार डाळ-भाज्यांचे असते. सगळ्या प्रांतांच्या मेन्यूंत इतका स्वस्त, सहज मिळणारा आणि कमी तेलाचा नाश्ता सापडणे कठीण. शेजारच्या बशीतला मेदूवडा त्याच उडदाचा, पण तळलेला. इडली-वडा ‘मिक्स’ मागवला की अर्धा फायदा जातो.

डोशात फरक नावाप्रमाणे पडतो. साधा डोसा किंवा उत्तप्पा मुरलेल्या तव्यावर थोड्या तेलात होतो आणि ‘तेल कमी’ म्हटले तर आचारी ते ऐकू शकतो. रवा डोशाचे पीठ पातळ असते, त्याची जाळी कुरकुरीत होण्यासाठी भोकाभोकांतून तेल सोडावे लागते. म्हैसूर मसाल्यात बटर पसरतात. ‘घी रोस्ट’ नावातच सगळे सांगतो. पुण्यासह अनेक शहरांत लोकप्रिय झालेला दावणगिरी लोणी डोसा हा तर लोण्यासाठीच खाल्ला जातो. तो महिन्यातून एकदा खाणे आणि रोज नाश्त्याला खाणे यांत फरक आहे.

चटणीकडे सहसा लक्ष जात नाही. ओल्या खोबऱ्याच्या वजनाचा एक तृतीयांश किंवा त्याहून अधिक भाग फॅटचा असतो आणि ते बहुतांश संपृक्त असते. चटणीच्या तीन वाट्या संपवण्याऐवजी सांबार जास्त घेणे बरे. शिऱ्यात तूप भरपूर असते, उपम्यात त्या मानाने कमी.

चायनीजमध्ये ‘ड्राय’ म्हणजे कमी तेल का?

नाही, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. आपल्याकडचे ‘चायनीज’ हे कोलकात्यातील चिनी वसाहतीत आणि मुंबईत घडलेले भारतीय चायनीज आहे. चिकन मंच्युरियनचे श्रेय नेल्सन वाँग यांना दिले जाते. त्यांनी १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात तो पदार्थ बनवला. मंच्युरियन, चिली चिकन, चिली पनीर, क्रिस्पी व्हेज हे सगळे कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवून आधी तळतात. मग ‘ड्राय’मध्ये सॉस कमी आणि ‘ग्रेव्ही’त जास्त, एवढाच फरक. कॉर्नफ्लोअरचे आवरण तेल शोषून घेते ते दोन्हींत सारखेच.

ट्रिपल शेजवानमध्ये तेलावर परतलेला भात, नूडल्स आणि वर तळलेल्या नूडल्स एकत्र येतात. चायनीज भेळ ही तळलेल्या नूडल्सचीच. मंचाव सूपवरचा कुरकुरीत चुराही तळलेलाच असतो, तो वेगळा मागवता येतो किंवा नाकारता येतो.

हलके पर्याय मेन्यूच्या सुरुवातीला आणि कडेला सापडतात. क्लिअर सूप, लेमन कोरिएंडर सूप, वाफवलेले (तळलेले नव्हे) मोमो, वाफवलेला भात आणि भरपूर भाज्या घालून परतलेले चिकन किंवा टोफू. ‘चिकन तळू नका, परतून द्या’ असे सांगितले तर मोठ्या आचेवर कढईत ते होऊ शकते, गर्दीच्या वेळी मात्र नकार मिळण्याची तयारी ठेवावी. एक इशारा रक्तदाब असलेल्यांसाठी. मोठ्या चमचाभर सोया सॉसमध्ये सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असते आणि दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅम आहे. क्लिअर सूप तेलाने हलके असले तरी मिठाने जड असू शकते.

मालवणी आणि कोल्हापुरी थाळीचे काय?

माशांच्या थाळीत निवड एका शब्दावर ठरते. ‘रवा फ्राय’मधला रव्याचा थर तेल पितो, साधा ‘तवा फ्राय’ त्यापेक्षा हलका. तिखले किंवा कालवण त्याहून बरे, पण नारळाच्या दुधाची आमटी असेल तर रस्सा बेताने. बांगडा आणि सुरमईचे स्वतःचे फॅट हृदयाला उपकारक मानले जाते, त्यामुळे मासा टाळण्याचे कारण नाही. पारशी-इराणी ठिकाणी मिळणारी ‘पात्रा नी मच्छी’ केळीच्या पानात वाफवलेली असते. सोलकढी पचनाला चांगली म्हणून तीन-तीन ग्लास घेतली जाते, पण तीही नारळाच्या दुधाचीच.

कोल्हापुरी थाळीत पांढऱ्या रश्श्यात नारळाचे दूध आणि बऱ्याचदा काजू-खसखस असते, तांबड्यावर तर्री असते. तर्री हा वरचा थर असल्याने ती चमच्याने बाजूला काढता येते किंवा आधीच वेगळी मागवता येते. मिसळीलाही हेच लागू. ‘कट वेगळा, फरसाण कमी, मटकी जास्त’ ही ऑर्डर कोणत्याही मिसळवाल्याला कळते. भाकरीत तेल नसते. पिठल्यापेक्षा झुणक्याला तेल जास्त लागते. भरल्या वांग्यात शेंगदाण्याच्या कुटासोबत वर तेलही तरंगते.

इटालियन, थाय आणि अरबी मेन्यू कसा वाचावा?

इटालियनमध्ये रंग पाहावा. लाल सॉस (आराबियाता, मारिनारा) टोमॅटोचा, पांढरा साय-लोण्या-चीजचा आणि आपल्याकडे लोकप्रिय असलेला ‘पिंक’ या दोघांची भेसळ. पिझ्झात पातळ पाव, भाज्या जास्त आणि ‘एक्स्ट्रा चीज’ नको. थायमध्ये हिरवी-लाल करी नारळाच्या दुधाची, तर टॉम यमचे साधे सूप आणि कच्च्या पपईची कोशिंबीर हलकी. कोशिंबिरीत दाण्याचा कूट आणि साखर कमी सांगता येते. अरबी मेन्यूत फलाफल तळलेले, शावरम्यात मेयोनेज, हमसमध्ये तीळ आणि ऑलिव्ह तेल. निखाऱ्यावरचे शिश तावूक आणि तबूले हे तिथले हलके पदार्थ. मेयोनेज हे नावाला सॉस असले तरी त्याचा मोठा भाग तेलच असतो. ते वेगळ्या वाटीत मागवावे.

वेटरला नेमके काय विचारावे?

‘यात तेल जास्त आहे का?’ या प्रश्नाला उत्तर ‘नाही साहेब’ असेच येते. त्याऐवजी आचाऱ्याला उत्तर देता येईल असे प्रश्न विचारावेत. हे तळलेले आहे की भाजलेले? ग्रेव्ही काजूची आहे की टोमॅटो-कांद्याची? वरून क्रीम किंवा बटर घालता का? सूचनाही तशाच नेमक्या द्याव्यात. रोटी सुकी, फोडणी अर्धी, क्रीम नको, सॉस वेगळा. ग्रेव्हीची एकच भाजी चौघांत, बाकी डाळ आणि तंदूरचे पदार्थ अशी मांडणी केली तर कोणाचाही हिरमोड होत नाही. घरातल्या मधुमेही आजोबांसाठी वेगळे काही मागवून त्यांना एकटे पाडण्यापेक्षा टेबलावरचा बेतच थोडा बदलणे सोपे जाते. बैठकीला आल्या आल्या येणारे मसाला पापड आणि तळलेले ‘स्टार्टर’ भूक लागलेली असताना सर्वाधिक खाल्ले जातात. तिथे सूप किंवा भाजलेला पापड आला तर पुढचे आपोआप आटोक्यात राहते.

फॅट कमी म्हणजे जेवण आरोग्यदायी झाले का?

तसे नाही. एकूण फॅट ऊर्जेच्या ३० टक्क्यांपर्यंत चालते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शून्य फॅट हे उद्दिष्ट नाही. कोणते फॅट, हाही प्रश्न आहे. कारखान्यातून येणाऱ्या ट्रान्स फॅटवर भारतात जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे. दुसरे म्हणजे, इंडियाबच्या २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आहारविषयक निष्कर्षांनुसार भारतीयांची सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते. बटर टाळले, पण त्या जागी आणखी दोन नान, जास्तीचा भात आणि गोड लस्सी घेतली, तर मधुमेहाच्या उंबरठ्यावरील व्यक्तीला उपयोग नाही. तेल कमी करताना ताटात डाळ, मासे, चिकन आणि भाज्या वाढायला हव्यात.

बदल कुठे शक्य आहे?

१० शाखांची अट उद्याच काढली तरी रोज बदलणाऱ्या हाताने फोडणी देणाऱ्या छोट्या हॉटेलला प्रत्येक पदार्थाच्या कॅलरी मोजणे अवघड आहे. प्रयोगशाळेचा खर्च त्याला परवडणार नाही आणि छापलेला आकडा खरा राहीलच असेही नाही. पण आकड्याशिवायही माहिती देता येते. महाराष्ट्रातील जवळपास प्रत्येक पंजाबी, उडुपी, अगदी पावभाजीच्या मेन्यूकार्डावर ‘जैन’ हा पर्याय असतो. कांदा-लसणाशिवाय वेगळी ग्रेव्ही ठेवण्याची सक्ती कोणत्याही कायद्याने केलेली नाही. ग्राहक सातत्याने मागत राहिले म्हणून भटारखान्याने ती सोय केली. तळलेला, भाजलेला, वाफवलेला अशी खूण आणि ‘कमी तेलात मिळेल’ एवढा शेरा पदार्थासमोर छापायला प्रयोगशाळा लागत नाही. एफएसएसएआयची ‘ईट राइट इंडिया’ मोहीम किंवा हॉटेलचालकांच्या संघटना हे काम हाती घेऊ शकतात. तोवर मेन्यूकार्डावरची नावे नीट वाचणे आणि ऑर्डर देताना एक जादा प्रश्न विचारणे एवढेच ग्राहकाच्या हातात आहे.